सशाचा कोट, बेडकाचा रेनकोट

माणसांसारखे कपडे घालणाऱ्या, माणसांसारख्या वागणाऱ्या चित्रातल्या प्राण्यांचे भन्नाट किस्से

कोट-टोपी घालून बाजाराला निघालेला ससा, चष्मा चढवून पेपर वाचणारा कोल्हा, छत्री सावरत चिखलातून चालणारी बदकताई. लहानपणी अशी चित्रं पाहिली नाहीत असा माणूस शोधून सापडायचा नाही. म्हणूनच ही चित्रं म्हणजे पोरांची करमणूक, असं आपण धरून चालतो. पण त्यांचा माग काढायला गेलं की आपण भलत्याच ठिकाणी पोचतो. राजघराण्यातल्या थडग्यात, कायद्याच्या जाडजूड ग्रंथात, सरकारी बंदीहुकमात, लाखो डॉलरच्या लिलावात आणि थेट विराट कोहलीच्या टोपणनावापर्यंत!

या सगळ्या मंडळींना जोडणारा एक धागा आहे. ज्याने प्राणी जीव लावून पाहिलाय, त्याच्याच चित्रात माणूस नेमका सापडतो. कपडे कितीही झकपक असोत, आतला ससा ससाच राहायला हवा. तर चला, साडेचार हजार वर्षांचा हा फेरफटका मारून येऊ.

गाढवाची मैफल

आजच्या इराकमधलं उर हे प्राचीन शहर. १९२० च्या दशकात लिओनार्ड वूली यांनी तिथल्या राजेशाही थडग्यांचं उत्खनन केलं, तेव्हा बैलाचं सोनेरी डोकं लावलेलं एक मोठं तंतुवाद्य हाती लागलं. वय सुमारे ४,५०० वर्षं. त्या डोक्याखालच्या पट्टीवर शिंपल्याचे तुकडे जडवून चित्रं केली आहेत आणि त्यात अख्खी मेजवानी चाललीय.

कमरेला सुरा खोचलेला एक लांडग्यासारखा प्राणी मांसाने भरलेलं मेज घेऊन निघालाय. त्याच्या मागून सिंह भलंमोठं भांडं आणतोय. खालच्या रांगेत गाढव बसून वाद्य वाजवतंय आणि अस्वलाने ते वाद्य पुढून धरून ठेवलंय. गंमत बघा, गाढवाच्या हातातलं वाद्यही बैलाच्या डोक्याचंच आहे, म्हणजे ज्या वाद्यावर हे चित्र जडवलंय अगदी त्याच जातीचं. कारागिराने वाद्यावरच वाद्य काढलं आणि वाजवायला बसवलं गाढवाला! आज हा ठेवा अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या पेन म्युझियममध्ये आहे.

मांजर राखतं बदकं

इजिप्तमध्ये राजांची थडगी रंगवणाऱ्या कारागिरांचं एक गाव होतं, देइर अल-मदिना. दिवसभर देव-देवता आणि फॅरो काढायचे, तेही ठरलेल्या साच्यात. रेघ इकडची तिकडे झालेली चालायची नाही. मग हौस भागवायला हाताशी असायच्या चुनखडीच्या चिपा आणि पपायरसचे तुकडे.

ब्रिटिश म्युझियममधल्या अशाच एका पपायरसवर सिंह आणि हरीण समोरासमोर बसून पटावरचा खेळ खेळतायत. सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीचं हे चित्र. सिंहाचा चेहरा असा खुललाय, की डाव कोणी जिंकलाय ते सांगायला नको. शेजारीच एक मांजर पाठीमागे उभं राहून बदकांचा कळप हाकतंय, तर कोल्हेमंडळी बकऱ्या राखतायत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममधल्या चिपेवर तर आणखी कमाल आहे. त्यात उंदीर ऐटीत बसलाय आणि मांजर त्याच्यापुढे उभं राहून त्याची सरबराई करतंय. ज्याने ज्याला खायचं, त्यानेच त्याला राखायचं आणि वाढायचं, ही उलटापालट त्या काळापासून माणसाला हसवत आली आहे.

नाक धरून उडी मारणारा ससा

जपानमध्ये क्योतोच्या कोझान-जी मंदिराकडे चार लांबलचक गुंडाळ्या आहेत. नाव चोजू-गिगा. बाराव्या-तेराव्या शतकातलं हे काम आज जपानचा राष्ट्रीय ठेवा मानलं जातं. चारही गुंडाळ्यांत अक्षर नाही, रंग नाही, नुसती काळी शाई. पहिली आणि सर्वांत गाजलेली गुंडाळी ११ मीटरहून लांब आहे.

ती उलगडायला लागलं की सुरुवातीलाच नदी लागते. माकडं आणि ससे डुंबतायत आणि एक ससा नाक चिमटीत धरून उलटी उडी घेतोय. आपल्याकडे विहिरीत मुटका मारणारी पोरं धरतात तसंच नाक! पुढे ससे आणि बेडूक नेमबाजी करतात, कुस्ती खेळतात. एका जागी बेडकाने सशाला असं उताणं पाडलंय, की बाकीचे बेडूक लोळून हसतायत. शेवटाकडे कमळाच्या पानावर बेडूक बुद्धासारखा ध्यानस्थ बसलाय आणि कफनी घातलेलं माकड भटजी होऊन मंत्र म्हणतंय. माकडाच्या तोंडातून निघणारे मंत्र दाखवायला चित्रकाराने चक्क रेघा काढल्यात. मांगा या जपानी चित्रकथांचे चाहते त्यांचा वंश इथपर्यंत नेतात, त्याला ही रेघ मोठं कारण आहे.

आता नीट बघा. सशाला कुस्तीचा पवित्रा माणसाचा दिलाय, पण उडी मारतानाचे मागचे पाय अस्सल सशाचे आहेत. बेडकाची मांडी बेडकाचीच आहे. म्हणून आठशे वर्षांनीही तो ताजा वाटतो.

तप करणारं मांजर

अशी गंमत पाहायला परदेशात जायला नको, महाबलीपुरमला गेलं तरी पुरे. सातव्या शतकात पल्लवांच्या काळात कोरलेलं तिथलं भव्य शिल्प कुणी गंगावतरण म्हणतं, कुणी अर्जुनाची तपश्चर्या. वर एका पायावर उभा, हात डोक्यावर नेलेला हाडकुळा तपस्वी. खाली हत्तीच्या जवळ त्याच आविर्भावात उभं असलेलं एक मांजर! मागच्या पायांवर ताठ, पुढचे पंजे डोक्यावर, पोट आत गेलेलं. आणि त्याच्या आसपास निर्धास्त बागडणारे उंदीर. महाभारताच्या उद्योगपर्वात अशा ढोंगी मांजराची गोष्ट येते. ती ठाऊक असलेल्याला त्या उंदरांचं पुढे काय होणार हे लगेच कळतं.

बाराशे वर्षांनी हेच मांजर कोलकात्याला प्रकटलं. कालीघाटच्या देवळाबाहेर पटुआ चित्रकार यात्रेकरूंसाठी स्वस्तातली चित्रं झरझर काढून विकायचे. त्यातलं एक मांजर फार लोकप्रिय झालं. कपाळावर वैष्णवी टिळा आणि तोंडात आडवी धरलेली कोळंबी किंवा मासळी. शाकाहाराचा टेंभा मिरवणाऱ्या ढोंगी बाबांवर हा थेट नेम होता. करून करून भागला नि देवपूजेला लागला, ही आपली म्हण त्या एका चित्रात मावते.

सशांचं कोर्ट, घुबडाचा न्याय

चौदाव्या शतकातला स्मिथफील्ड डिक्रीटल्स हा लॅटिन ग्रंथ लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. विषय काय, तर ख्रिस्ती धर्माचे कायदे. रुक्ष म्हणजे किती रुक्ष असावा! पण समासात नजर टाका. तिथे ससे धनुष्यबाण घेऊन शिकाऱ्याच्याच मागे लागलेत. त्याला पकडलं, बांधून न्यायाधीशापुढे उभं केलं, शिक्षाही झाली. मग शिकारी कुत्र्याची पाळी. दुसऱ्या पानावर कोल्हा बिशपची टोपी घालून पक्ष्यांना प्रवचन देतोय आणि पुढे त्याच पक्ष्यांनी त्याला फासावर चढवलंय. वर न्यायाची कलमं, खाली ज्यांना कधीच न्याय मिळत नाही त्यांचा निवाडा.

सहाशे वर्षांनी बंगालमध्ये सुकुमार राय यांनीही असंच एक कोर्ट भरवलं. सत्यजित राय यांचे हे वडील. ‘ह य ब र ल’ ही त्यांची अफाट गोष्ट १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला आली आणि तिची चित्रंही त्यांनी स्वतःच काढली. तिच्यात कावळा पाटी-पेन्सिल घेऊन हिशेब मांडतो, मगर वकिली करते आणि न्यायाधीशाच्या खुर्चीत घुबड असतं, तेही डोळे मिटून. भर दिवसाचं घुबड दुसरं काय करणार! प्राण्याची खरी सवय आणि माणसाची खोड एकाच रेघेत बसवण्याचा याहून सुंदर नमुना मिळणं अवघड आहे.

पंचतंत्र परदेशी जाऊन आलं

पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे दोन कोल्हे आठवतात? संस्कृतातून पहलवीत आणि तिथून आठव्या शतकात अरबीत गेल्यावर त्यांचं नाव झालं कलीला आणि दिम्ना. राजदरबारातले हे कारस्थानी मंत्री पुढे फारसी, ग्रीक, हिब्रू, लॅटिन असे फिरत युरोपभर पोचले. फ्रान्समध्ये ला फोंतेन यांनी १६७८ मध्ये आपल्या बोधकथांचा दुसरा भाग काढला, तेव्हा पिलपे नावाच्या भारतीय पंडिताचं ऋण त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं.

खरी गंमत पुढे आहे. ला फोंतेनच्या भक्त असलेल्या एका फ्रेंच संग्राहकाने या कथांची चित्रं काढायला पुस्तक धाडलं ते लाहोरला. महाराजा रणजितसिंगांच्या सैन्यात फ्रेंच सेनानी होते, त्यांच्यामार्फत काम गेलं चित्रकार इमाम बख्श यांच्याकडे. १८३७ ते १८३९ या काळात ही चित्रं तयार झाली. भारतातून गेलेल्या गोष्टी फ्रेंच होऊन परतल्या आणि लाहोरच्या कुंचल्याने पुन्हा इथल्या झाल्या. ला फोंतेन यांच्या जन्मगावच्या संग्रहालयात ती चित्रं आहेत.

उलट दिशेचाही एक प्रवास आहे आणि तो आपल्या मराठीचा. तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात इसापच्या गोष्टी मराठीत करवून घेतल्या आणि छापल्या. पुस्तकाचं नाव ‘बालबोधमुक्तावली’. मराठीतल्या अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांत कोल्हे, सिंह आणि बेडूक बोलतायत, तेही तमिळ मुलखात!

बंदी आली, मांजरं धावून आली

१८४० च्या दशकात जपानच्या शोगुन सरकारने काटकसर आणि नीतिमत्तेचा बडगा उगारला. काबुकी नट आणि गणिका यांची चित्रं छापायला बंदी घातली. चित्रकारांचा तर धंदाच त्यावर. उतागावा कुनियोशी यांनी तोडगा काढला. नटाऐवजी मांजर काढलं, पण डोळे, भुवया, तोंडाची ठेवण त्या नटाची! रसिकांनी क्षणात ओळखलं. १८४६ मध्ये त्यांनी गणिकांच्या वस्तीचं चित्र काढलं, त्यात सगळ्या चिमण्या. किमोनो घातलेल्या चिमण्या आणि गिऱ्हाईक म्हणून आलेले चिमणेराव.

कुनियोशींचं घर मांजरांनी भरलेलं असायचं. काम करताना एखादं पिल्लू किमोनोच्या आत छातीशी असायचंच, असं सांगतात. म्हणून त्यांची मांजरं नटासारखी उभी राहिली तरी पाठीचा बाक मांजराचाच राहतो. लहान वयात त्यांच्याकडे शिकायला आलेले कावानाबे क्योसाई पुढे बेडकांत रमले. बेडकांची शाळा, बेडकांची कसरत, बेडकांचं युद्ध त्यांनी काढलं. १८७० मध्ये व्यंगचित्रापायी त्यांना तुरुंगही पाहावा लागला.

तिकडे पॅरिसमध्ये तोच खेळ. ग्रांव्हिल या नावाने काढणारे चित्रकार राजकीय व्यंगचित्रांत गाजत होते. १८३५ मध्ये कायदा आला, की व्यंगचित्र छापण्यापूर्वी सरकारची परवानगी हवी. ग्रांव्हिल प्राण्यांकडे वळले. १८४० च्या सुमाराला आलेल्या त्यांच्या प्रसिद्ध पुस्तकात पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयातले प्राणी सभा भरवतात आणि ठराव करतात, की आता आपली हकीकत आपणच लिहायची. मजकूर लिहिणाऱ्यांत खुद्द कादंबरीकार बाल्झाक होते. दीडशे वर्षांनी, १९९१ मध्ये, क्वीन या बँडने ‘इन्युएन्डो’ अल्बमच्या मुखपृष्ठासाठी याच ग्रांव्हिलचं चित्र घेतलं. बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी हयात असताना आलेला तो त्यांचा शेवटचा अल्बम. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या या गायकाची आणि ग्रांव्हिलची गाठ अशी पडली.

निळ्या कोटाची किमया

४ सप्टेंबर १८९३. बिअॅट्रिक्स पॉटर यांनी आपल्या जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला, पाच वर्षांच्या नोएलला, एक सचित्र पत्र लिहिलं. त्यात पीटरसह चार सशांची गोष्ट होती. दुसऱ्याच दिवशी नोएलच्या भावाला पत्र गेलं, त्यात मासे धरायला निघालेला बेडूक होता. दोन दिवसांत दोन अजरामर पात्रं!

पीटर सशाचं पुस्तक प्रकाशकांनी नाकारलं, तेव्हा बाईंनी डिसेंबर १९०१ मध्ये पदरचे पैसे घालून २५० प्रती छापल्या. १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशनसंस्थेने ते रंगीत काढलं आणि इतिहास घडला. १९०३ मध्ये पॉटर यांनी पीटरच्या बाहुलीची पेटंट कार्यालयात नोंद करून टाकली. पुस्तकातल्या पात्राची अशी नोंदणीकृत वस्तू करण्याच्या अगदी पहिल्या उदाहरणांपैकी हे एक.

आता त्या निळ्या कोटाकडे बघा. मॅकग्रेगर नावाच्या माणसाच्या मळ्यात पीटर शिरतो तो दोन पायांवर, कोट-बूट घालून. मॅकग्रेगर मागे लागतो, बूट कोबीत आणि बटाट्यात हरवतात, तसा पीटर चार पायांवर येतो आणि त्याचा वेग वाढतो. मग कोटाची मोठी पितळी बटणं जाळीत अडकतात. कोट सोडून अंग काढून घेतल्यावरच तो सुटतो. म्हणजे कपडे आहेत तोवर पीटर खोडकर मुलगा, कपडे गेले की जिवाच्या आकांताने पळणारा ससा. अख्खी गोष्ट एका कोटावर तोललेली आहे. मॅकग्रेगर तोच कोट आणि बूट बुजगावण्याला घालतो.

ही नजर आली कुठून? पॉटर यांनी ससे पाळले होते. एकाला तर त्या पट्टा बांधून फिरायला न्यायच्या. मेलेल्या प्राण्यांचे सांगाडे साफ करून त्या आणि त्यांचा भाऊ हाडं अभ्यासायचे. अळंब्यांवरचा त्यांचा निबंध १८९७ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीत मांडला गेला, पण बायकांना तिथे प्रवेश नसल्याने त्यांना स्वतःला हजर राहता आलं नाही.

कपड्यांतही त्या तितक्याच काटेकोर. ‘टेलर ऑफ ग्लॉस्टर’मध्ये आजारी शिंप्याचं काम रात्रीतून उंदीर पूर्ण करतात. त्या भरतकामाचे नमुने त्यांनी लंडनच्या संग्रहालयातल्या अठराव्या शतकातल्या खऱ्या कपड्यांवरून उतरवले. उंदीर शेवटचं एक काजं मात्र सोडून देतात, कारण धागा संपलेला असतो. आणि १९०६ मध्ये पुस्तकात आलेल्या बेडूकरावांना ट्राउट मासा गिळतो, पण त्यांच्या रेनकोटाची चव न आवडल्याने लगेच थुंकून टाकतो! रेनकोटाने जीव वाचवल्याचं असं उदाहरण दुसरं नसेल.

त्यांचे नियम कडक होते. ‘द विंड इन द विलोज’मध्ये केनेथ ग्रॅहम यांनी भेकाला केस विंचरायला लावले, हे त्यांना अजिबात पटलं नव्हतं. बेडकाने पावसाळी बूट घालावेत, त्याला हरकत नाही. पण बेडकाला केस कुठून आले? कपडे चढवा, शरीर बदलू नका. मृत्युपत्राने त्यांनी लेक डिस्ट्रिक्टमधली ४,००० एकरांहून अधिक जमीन नॅशनल ट्रस्टला दिली. सशाच्या कमाईने सशांचं रान राखलं.

लुई वेन यांची मांजरं

१८८४ मध्ये चित्रकार लुई वेन यांचं लग्न झालं आणि थोड्याच काळात पत्नी एमिली कर्करोगाने अंथरुणाला खिळली. तिचं मन रमावं म्हणून वेन घरातल्या पीटर या काळ्या-पांढऱ्या बोक्याची चित्रं काढायला लागले. १८८६ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’च्या नाताळ अंकात त्यांचं मांजरांच्या पार्टीचं चित्र आलं. त्यात तब्बल १५० मांजरं होती, पण सगळी चार पायांवर आणि कपड्यांविना. पुढच्याच वर्षी एमिली गेली.

कपडे, चष्मे, सिगार आणि चहाचे कप मागाहून आले. वेन हॉटेलात वही घेऊन बसायचे आणि समोरची माणसं मांजरं म्हणून रेखाटायचे. बघता बघता त्यांची मांजरं घरोघरी पोचली आणि ते इंग्लंडच्या नॅशनल कॅट क्लबचे अध्यक्ष झाले.

व्यवहारात मात्र ते भोळे निघाले. चित्रांचे हक्क सहज देऊन टाकायचे. १९२४ मध्ये त्यांना मनोरुग्णालयात, तेही गरिबांच्या वॉर्डात, ठेवावं लागलं. हे बाहेर समजताच एच. जी. वेल्स यांच्यासारखे लोक पुढे आले, निधी उभा राहिला आणि त्यांची चांगल्या रुग्णालयात सोय झाली.

त्यांची साधी मांजरं हळूहळू रंगीबेरंगी नक्षीत विरघळत जातात, अशी एक चित्रमाला मानसशास्त्राच्या पुस्तकांत आजार बळावल्याचा पुरावा म्हणून वर्षानुवर्षं छापली गेली. पण त्या चित्रांवर तारखाच नव्हत्या! १९३९ मध्ये एका मानसोपचारतज्ज्ञाने ती दुकानातून घेतली आणि स्वतःच्या अंदाजाने ओळीने लावली. वेन शेवटपर्यंत हसरी, साधी मांजरंही काढत होते. या माणसावर झालेला तो अन्याय आता तरी पुसला जावा. बेनेडिक्ट कंबरबॅचने त्यांची भूमिका केलेला २०२१ चा चित्रपट त्यासाठी जरूर पाहावा.

टेबलाखालचा एक्का

कुत्रे गोल टेबलाभोवती पोकर खेळतायत, हे चित्र कॅलेंडरवर, टी-शर्टवर, कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. काढलंय अमेरिकन चित्रकार कॅसियस मार्सेलस कूलिज यांनी. १९०३ पासून ब्राउन अँड बिगेलो या जाहिरात कंपनीसाठी त्यांनी कुत्र्यांची १६ चित्रं केली, त्यांतली ९ पत्त्यांची.

सर्वांत गाजलेल्या ‘अ फ्रेंड इन नीड’मध्ये सात कुत्रे आहेत. पुढे पाठमोऱ्या बसलेल्या बुलडॉगचा मागचा पाय बघा. पायाच्या बोटांत एक्का धरून तो टेबलाखालून शेजाऱ्याला सरकवतोय! समोरचे धिप्पाड कुत्रे गंभीर चेहऱ्याने आपापल्या पानांत बुडालेत. १८९४ मधलं त्यांचं ‘पोकर गेम’ हे चित्र २०१५ च्या लिलावात ६,५८,००० डॉलरना गेलं.

आणि जत्रेत पुठ्ठ्याच्या पैलवानाच्या भोकातून तोंड काढून आपण फोटो काढतो ना? ती कल्पना रुजवण्याचं श्रेयही याच कूलिजना दिलं जातं.

झटपट सहा

• ‘अॅलिस’मधला जाकीट-घड्याळवाला ससा जॉन टेनियल यांचा. १८६५ च्या पहिल्या आवृत्तीत चित्रांची छपाई त्यांना पसंत पडली नाही, म्हणून २,००० प्रतींची ती आवृत्तीच मागे घेतली गेली.

• बाबर हत्ती १९३१ मध्ये फ्रान्समध्ये जन्मला. आई सेसील यांनी मुलांना सांगितलेली गोष्ट वडील झाँ द ब्रुनॉफ यांनी रंगवली. शहरात आल्यावर बाबर आधी लिफ्टमध्ये वर-खाली करून घेतो, मग हिरवा सूट घेतो.

• मिकी माउसच्या हातात मोजे आले ते १९२९ मध्ये. काळ्या अंगावर काळे हात दिसायचेच नाहीत!

• पँट न घातल्याने फिनलंडमध्ये डोनाल्ड डकवर बंदी आली, ही लोणकढी थाप आहे. १९७० च्या दशकात हेलसिंकीच्या युवक केंद्रांसाठी त्याचे अंक घेणं थांबवलं, ते पैसे वाचवायला.

• पॅडिंग्टन अस्वलाचे गमबूट प्रसिद्ध केले ते खेळण्याने. १९७२ मध्ये शर्ली क्लार्कसन यांनी बनवलेलं अस्वल नीट उभं राहावं म्हणून त्याला बूट घातले. टीव्हीवरचे मोटारवाले जेरेमी क्लार्कसन हे त्यांचे चिरंजीव.

• रिचर्ड स्कॅरी यांच्या बिझीटाऊनमधल्या गांडुळाला एकच बूट आहे. पाय नसलेल्याला दुसरा हवाय कशाला! स्कॅरींच्या १९६३ च्या शब्दांच्या पुस्तकात स्वयंपाकघर आईचं होतं, पुढच्या आवृत्तीत तिथे बाबाही आले.

विराटचा ससा

१९६० च्या दशकाच्या अखेरीला सुरू झालेलं ‘चंपक’ हे मुलांचं मासिक आपल्याकडे मराठीतूनही घरोघर वाचलं गेलं. चंपकवनातले प्राणी शाळेत जातात, दुकान चालवतात, सायकलवर फिरतात. यातलाच चीकू ससा. विराट कोहली दिल्लीकडून रणजी खेळत असताना त्याने केस अगदी बारीक कापले, गाल आणि कान उठून दिसायला लागले. प्रशिक्षकांना चंपकमधला चीकू आठवला आणि नाव पडलं. यष्टींमागून धोनी ‘चीकू’ अशी हाक मारायचा, ती स्टंपमधल्या माइकने देशभर पोचवली. हा किस्सा २०२० मध्ये खुद्द कोहलीने केव्हिन पीटरसनला सांगितला. ससा माणूस होतो तसा माणूसही ससा होतो!

उंदराचा मुखवटा

हीच युक्ती किती खोल जाऊ शकते, हे आर्ट स्पिगेलमन यांच्या ‘माउस’ने दाखवलं. वडिलांनी भोगलेल्या नाझी छळछावण्यांची ही चित्रकथा. ज्यू उंदीर, नाझी मांजरं, पोलिश डुकरं. ज्यूंना जीव वाचवायला पोलिश असल्याचं भासवावं लागतं, तेव्हा उंदीर तोंडावर डुकराचा मुखवटा बांधतात आणि त्याची दोरीसुद्धा चित्रात दिसते. न्यूयॉर्क टाइम्सने हे पुस्तक कल्पित साहित्याच्या यादीत घातलं, तेव्हा स्पिगेलमन यांनी पत्र लिहून हरकत घेतली आणि ते सत्यकथनाच्या यादीत गेलं. १९९२ मध्ये पुलित्झरचा खास पुरस्कार मिळाला. उंदीर काढले म्हणून गोष्ट खोटी होत नाही, हे जगाने मान्य केलं.

चित्र कसं बघायचं?

पुढच्या वेळी मुलाबाळांसोबत असं चित्र समोर आलं की तीन जागा शोधा. शेपूट कपड्यांतून कुठून काढलीय? टोपीखाली कानांचं काय केलंय? आणि पंजाने कप, पत्ते किंवा सुई धरलीय ती कशी? चांगल्या चित्रकाराने या तिन्ही अडचणी सोडवलेल्या असतात आणि त्यासाठी आधी खरा ससा, खरं मांजर, खरा बेडूक तासन्‌तास पाहिलेला असतो. मुलांना कागद-पेन्सिल देऊन दारातल्या मांजराला टोपी घालायला सांगा. टोपी काढायला दोन मिनिटं पुरतील. मांजराकडे मात्र नीट बघावं लागेल, आणि एकदा प्राण्याकडे असं बघायची सवय लागली, की ते मूल त्याला दगड मारणार नाही. या सगळ्या कोट-टोप्यांची खरी कमाई हीच आहे.